कडुबाचा कान

कडुबानं त्या गुलमोहराला तिसऱ्यांदा ठोकलं, तेव्हा वीस पावलांवर उभी असलेली त्याची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एका झाडाला तो एकदाच ठोकतो, हे त्यांना पाठ होतं. कुऱ्हाड उलटी धरायची, तिच्या तुंब्यानं, म्हणजे पात्यामागच्या जाड लोखंडानं, खोडावर ठोके द्यायचे. कमरेच्या उंचीवर, छातीच्या उंचीवर, मग हात पोचेल तिथं. झाडाभोवती एक फेरी घ्यायची आणि सांगायचं, भरीव नाहीतर पोकळ. भरीव म्हणाला की अभय चढायला लागायचा. पोकळ म्हणाला की सामान परत गाडीत. सगळा पाच मिनिटांचा मामला. आज अर्धा तास होत आला होता आणि कडुबा अजून खोडाशीच घुटमळत होता.

"काय झालं, मुकादम?" दोर सांभाळणाऱ्या गोकुळनं लांबूनच विचारलं.

कडुबानं मान वळवली नाही. गोकुळला वाटलं, म्हातारा झाडाचं ऐकतोय, आपण मध्ये बोलायला नको होतं. त्यानं जीभ चावली. खरं तर म्हाताऱ्याला प्रश्न ऐकूच गेला नव्हता.

आता आडपडदा कशाला, सांगून टाकलेलं बरं. कडुबाला झाडाचंही ऐकू येत नव्हतं. दिवाळीपासून येत नव्हतं. ही गोष्ट त्याच्याशिवाय फक्त औरंगपुऱ्यातल्या एका कानाच्या डॉक्टरला ठाऊक होती. डॉक्टरनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवले होते आणि सांगितलं होतं, आवाज आला की बोट वर करा. कडुबा शहाण्यासारखा बसून राहिला. बराच वेळ गेला. शेवटी त्यानंच विचारलं, "सुरू कधी करता?" डॉक्टरनं हेडफोन काढले. तपासणी संपली होती. जाडे आवाज थोडे येतात, बारीक गेले, मशीन लावावं लागेल, आणि हे काही आजचं दुखणं नाही, वीस वर्षं झाडं कापायच्या मशीनचा आवाज उघड्या कानांनी ऐकल्याचं फळ आहे, असं डॉक्टर म्हणाला. कडुबानं कागदाची चौघडी केली आणि दोरांच्या पिशवीच्या तळाशी घातली. तिथं बायकोचा हात पोचत नव्हता.

मशीन नवं आलं त्या वर्षी त्याच्या मुलीनं, रूपानं, कानात घालायचे रबरी बोळे आणून दिले होते. लहान होती तेव्हा, शाळेत कुणीतरी सांगितलं होतं तिला. कडुबानं त्यातला एक बोळा ऑइलच्या डब्याच्या तोंडाला लावला. अगदी चपखल बसला होता. तो डबा अजून गाडीत आहे.

घरी कुणाला संशय आला नाही, कारण पारूबाईचं मत आधीपासून ठरलेलं होतं की ह्या माणसाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तिनं त्याच्याकडून काढून घेतलं आणि वर शेजारणीला सांगितलं, आळशी झालाय. कडुबानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं, म्हणजे तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं. आळशी म्हणवून घेणं त्याला परवडत होतं. बहिरा म्हणवून घेणं परवडणार नव्हतं.

कारण त्याचं सगळं नाव कानावर उभं होतं. भरीव लाकूड ठक्क बोलतं, पोकळ लाकूड ढब्ब. ऐकणाऱ्याला दोन्हींत रात्र आणि दिवसाएवढा फरक. आता त्याला दोन्हींचा एकच आवाज येत होता, गादीवर बुक्की मारल्यासारखा.

लोकांना वाटतं, कमरेला दोर आहे म्हणजे माणूस सुखरूप आहे. पण दोर टाकायचा कुठं? त्याच झाडाच्या वरच्या बेचक्यात. झाडच मोडलं तर दोर काय आभाळाला धरणार? हे कडुबा अठरा वर्षांपूर्वी बद्रीनाथकडून शिकला, आणि शिकवून बद्रीनाथ उरला नाही. दोघांनी मिळून धंदा सुरू केला होता. एका शिरीषावर बद्रीनाथ चढला. बाहेरून खोड असं की दोघांच्या कवेत मावू नये, आत नुसता भुसा. बद्रीनाथ फांदीसकट आणि दोरासकट खाली आला. दोराचं दुसरं टोक कडुबानं दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं, आणि ते तसंच त्याच्या हातात राहिलं.

त्यानंतर वर्षभर तो दिसेल त्या झाडाला ठोकत सुटला. लाकडाच्या वखारीत जाऊन आधी ओंडक्याला ठोकायचा, मग चिरल्यावर आत काय निघालं ते बघायचा. वखारवाले म्हणाले, दोस्त गेल्यानं डोक्यावर परिणाम झाला. पुढं तीच माणसं पैठणपासून कन्नडपर्यंत सांगायला लागली की झाड कापायचं असेल तर कडुबाला बोलवा, त्याचा कान म्हणजे कान. अठरा वर्षांत त्याच्या माणसाला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं.

ह्या कानाला शांतता लागायची. म्हणून त्यानं नियम केला. कडुबा ठोकत असताना सगळ्यांनी वीस पावलं मागं. गाडी बंद, फोन बंद, तोंड बंद. नियम चांगला होता, पण वर्षं गेली तशी त्याला त्या नियमाची चटक लागली. चार माणसं लांब श्वास धरून उभी आहेत, आणि झाडाजवळ आपण एकटे. असा मान लग्नातल्या नवरदेवालाही मिळत नाही. अभयनं दोनदा म्हटलं होतं, "मामा, मला बी शिकवा की." दोन्ही वेळा कडुबा म्हणाला, "वेळ आली की शिकवीन." आणि ती वेळ त्यानं कधी येऊ दिली नाही. परिणाम असा की पोकळ झाड जवळून कसं बोलतं, हे त्याच्या टोळीतल्या एकाही माणसानं ऐकलेलं नव्हतं. एवढं जपलं त्यानं ते. शहाणपणच म्हणायचं.

अभय म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा, आणि आठ वर्षांपासून जावईही. रूपा त्यालाच दिलेली. त्यामुळं कामावर भाचा म्हणून अरे-तुरे, आणि घरी जेवताना जावई म्हणून पहिलं ताट त्याचं. दिवाळीनंतर कडुबानं नऊ झाडांना ठोकलं होतं. दोन झाडं त्यानं काहीबाही बहाणा करून सोडून दिली. बाकी सात झाडं नुसत्या डोळ्यांनी तपासली. बुंध्याशी आळंबी आहे का, साल सुटली आहे का, मुंग्यांची ये-जा आहे का, एवढं बघितलं, वर ठोकायचं सोंग केलं आणि भरीव म्हणून टाकलं. गुलमंडीत एका कापडदुकानामागच्या निंबावर अभय दोन तास होता. तेवढ्या वेळात कडुबानं दुकानाच्या पायरीवर बसून स्वतःच्या चपलेचा अंगठा उपटून काढला. अभय खाली उतरल्यावर त्यानं विचारलं, "मामा, चप्पल कशानं तुटली?" कडुबा म्हणाला, "जुनी होती." चप्पल आठ दिवसांची होती.

प्रत्येक झाडानंतर तो ठरवायचा, बस, आता सांगायचं. मग पुढचा फोन यायचा.

आजचा फोन वाळूजमधल्या एका कारखान्याचा होता. गेटाबाहेर हा गुलमोहर, त्याची एक माणसाच्या कमरेएवढी जाड फांदी शिफ्टच्या बसथांब्यावर आडवी गेलेली. मागच्या आठवड्यात वादळी वाऱ्यात तिचाच एक फाटा थांब्याच्या पत्र्यावर पडला होता. कुणी खाली नव्हतं म्हणून निभावलं. आता दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटायच्या आत ती फांदी उतरवायची होती. अडीचपासून बसेस लागणार, आणि तीन वाजता तीनशे माणसं त्याच फांदीखाली उभी राहणार.

"काका, झालं का तपासून?"

तनुजा अगदी समोर येऊन उभी राहिली म्हणून त्याला कळलं. कारखान्याची सुरक्षा अधिकारी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि हातात फळीला लावलेला फॉर्म. सकाळपासून तिनं कडुबाच्या टोळीला भंडावून सोडलं होतं. दोर कधी घेतला, दोरावर गाठ आहे का, पट्ट्याची शिलाई दाखवा, हेल्मेटची वादी बांधा, जवळचं हॉस्पिटल किती लांब आहे, गाडीचं तोंड कुठल्या बाजूला आहे. गोकुळनं तर सरळ विचारलं होतं, "मॅडम, झाड तोडायचंय का सोयरीक जमवायचीय?" ती हसली होती आणि पुढचा प्रश्न विचारला होता. अभयला तिनं दोन दिवस आधी कारखान्याच्या दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. रक्तदाब, डोळे, एका पायावर उभं राहणं, आणि हो, कानसुद्धा. चढणाऱ्याचे कान तपासले गेले. तो ज्याच्या कानावर विसंबून चढणार होता, त्याचे कुणी तपासले नाहीत. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

"झालं," कडुबा म्हणाला.

"मग काय लिहू?"

तिच्या ओठांवरून त्याला प्रश्न कळला. पोकळ म्हणावं आणि सुटावं, असं त्याच्या मनात आलं होतं. पण पोकळ म्हटलं तर ही मुलगी विचारणार, कुठं पोकळ, दाखवा. आणि अशी पोकळ म्हणत म्हणत किती झाडं सोडणार?

"भरीव," तो म्हणाला.

तनुजानं लिहिलं. मग पेन ओठांवर टेकवून म्हणाली, "आणि काका, तुम्ही एखाद्या दिवशी आजारी असलात, तर कोण ठोकतं?"

"मी नसलो तर काम नसतं."

"का? ह्यांच्यापैकी कुणाला येत नाही?"

तेवढ्यात गोकुळ जवळ आला होता. तो हसला. "मॅडम, ते कान सगळ्यांकडं नसतेत."

तनुजा हसली नाही. तिनं फॉर्म पुढं केला आणि 'तपासणाऱ्याची सही' लिहिलेल्या जागेवर बोट ठेवलं. कडुबानं सही केली. एरवी त्याची सही सुतासारखी सरळ असायची. आज 'बा'चा काना रकान्याच्या बाहेर गेला.

अभयनं दोर वरच्या बेचक्यात टाकला, एक टोक पट्ट्याला बांधलं. दुसऱ्या टोकाचे गोकुळनं लोखंडी खांबाला दोन वेढे दिले. अभय चढायला लागला. बत्तीस वर्षांचा गडी, हात लांब, झाडावर असला की जमिनीवर असल्यापेक्षा निवांत. खाली फांद्या ओढणारे दोघे गडी दोरीचं कुंपण घालून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाकलत होते. तनुजा घड्याळ बघून वेळ लिहीत होती. सगळं कसं नियमात चाललं होतं.

कडुबाचे पाय मात्र एका जागी ठरेनात. तो डावीकडे गेला, परत आला. गाडीपाशी जाऊन पाण्याची बाटली घेतली, न पिता परत ठेवली. खिशातून तंबाखूची डबी काढली आणि ती उघडायचं विसरला. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. मी काहीतरी बघितलंय. सकाळी बघितलंय. काय बघितलं?

मग त्याची नजर बुंध्याशी गेली आणि त्याला आठवलं. सकाळी आठला आल्या आल्या, रस्त्याकडच्या बाजूला, फरशीवर चिमूटभर पिवळसर भुसा पडलेला होता. त्यानं तो पायानं सारला होता. वाटलं, इथं कुणीतरी खोकी फोडली असतील. सारताना त्यानं तो नीट पाहिलासुद्धा नव्हता. ज्या गोष्टी पाहिल्या की नाही म्हणावं लागतं, त्या माणूस नीट पाहत नाही.

आता तिथं परत भुसा होता. चिमूटभर नाही, ओंजळभर. आणि अभयनं वर पाय रोवला की डोक्यापेक्षा हातभर उंच असलेल्या एका सालीच्या चिरेतून आणखी थोडा सांडत होता.

कडुबा झाडाकडे दोन पावलं धावला.

"अभय, उतर," तो ओरडला. आणि लगेच, अठरा वर्षांची अब्रू आडवी आली म्हणून, पुढं म्हणाला, "वर मोहोळ दिसतंय."

अभयनं मान वर करून चारी बाजूंना बघितलं. हसून काहीतरी बोलला. कडुबाला नुसते दात दिसले. त्यानं गोकुळकडे पाहिलं. गोकुळ दोर हातात धरूनच त्याच्यासमोर सरकला आणि म्हणाला, "मोहोळ-बिहोळ काय नाय म्हणतो. म्हणतो, मामानं ठोकलंय, आता भ्या कशाचं?"

"त्याला सांग, वारं सुटतंय."

गोकुळनं झाडाकडे पाहिलं. मे महिन्यातली सकाळ. एक पाकळी हलत नव्हती. "कुठाय वारं, मुकादम?"

"मी सांगतो ना, उतर म्हणावं त्याला."

गोकुळनं तसं सांगितलं. वरून उत्तर आलं, गोकुळनं ते पोचवलं. "म्हणतो, पाच मिनिटं. बेचक्यात पोचलोच. उगं खाली येऊन परत कशाला चढू?"

कडुबाला तेव्हा कळलं की आपण कशात अडकलो आहोत. मोहोळ सांगा, वारं सांगा, काहीही सांगा, अभय उतरणार नव्हता. कडुबानं झाडाला ठोकलं होतं आणि भरीव म्हटलं होतं. त्याच्यापुढं कुठलीही भीती अभयच्या मनात टिकणार नव्हती. टिकू नये, असाच विश्वास कडुबानं इतकी वर्षं तयार केला होता. आता त्याला खाली आणायला एकच गोष्ट पुरी पडली असती.

वर अभयनं एक पाय त्या जाड फांदीवर टाकला. चिरेतून भुशाची बारीक धार लागली.

"मला ऐकू येत नाय," कडुबा म्हणाला.

किती मोठ्यानं म्हणाला, ते त्याचं त्याला कळलं नाही. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही. गेटवरचा रखवालदार बाहेर आला. तनुजाचं लिहिणं थांबलं. गोकुळनं दोर हाताला गुंडाळून घेतला.

"अभय, मला ऐकू येत नाय रे. दिवाळीपासून येत नाय. ह्या झाडाला मी नुसतं ठोकलं, ऐकलं नाय. हे पोकळ हाय. उतर."

अभय फांदीवर एक पाय, खोडावर एक पाय असा थबकला. खाली बघितलं. मामा खोटं बोलतोय की खरं, हे त्याला एवढ्या लांबूनही दिसलं असावं, कारण त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं फांदीवरचा पाय हळूच उचलून परत खोडाकडे घेतला.

"दोराला लोंबकळू नको," कडुबा सांगत होता. "झटका देऊ नको. भिताडाकडच्या बाजूनं ये, रस्त्याकडच्या बाजूला पाय लावू नको. हळू. गोकुळ, दोर ढिला ठेव, ओढू नको."

उतरायला सात मिनिटं लागली. तनुजानं नंतर फॉर्मवर तेवढीच लिहिली. कडुबाला विचाराल तर तो म्हणेल, चढताना अभय बत्तीस वर्षांचा होता, उतरेपर्यंत मी ऐंशीचा झालो.

पाय जमिनीला लागल्यावर अभयनं पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि कडुबाच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"दिवाळीपासून?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"म्हंजे गुलमंडीचा निंब?"

"व्हय."

"आन् त्या शाळेतला पिंपळ? रूपा पोरीला घेऊन डबा द्यायला आली होती तवा? खाली उभी होती ती, मामा."

"व्हय."

ओरडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर कडुबाला बरं वाटलं असतं. पण अभय गाडीकडे गेला आणि मागच्या फळीवर त्याच्याकडे पाठ करून बसला. कडुबाला लाज वाटली, इतकी की गेटवरच्या रखवालदाराच्या नजरेलाही नजर देता येईना. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते त्याला उशिरानं कळलं. दिवाळीपासून पहिल्यांदा त्याचे पाय एका जागी उभे होते.

तनुजानं फॉर्मवर आडवी रेघ मारली. त्याला ऐकू जावं म्हणून समोर येऊन, सावकाश बोलली. "काम रद्द. मी दोन नंबरच्या गेटला बसेस लावायला सांगते. उद्या क्रेनचा पाळणा मागवू. झाडावर कुणी चढायचं नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "काका, ह्यांचे कान मी तपासून घेतले. तुमचे घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही. हे माझंही चुकलं."

"तुमचं नाय, मॅडम. माझं मीच झाकलं होतं. झाकलेलं तुम्हाला कसं दिसंन?"

"पण आता मला एक सांगा. क्रेन उभी कुठल्या बाजूला करायची? पोकळ भाग किती वरपर्यंत आहे, कुठल्या अंगाला आहे, हे कळल्याशिवाय उद्याच्या माणसालाही मी पाळण्यात बसवणार नाही."

कडुबानं हातातल्या कुऱ्हाडीकडे पाहिलं. एवढा वेळ ती त्याच्या हातातच होती.

गाडीच्या फळीवरून अभय उठला. तो आला, कडुबाच्या हातातून कुऱ्हाड घेतली, उलटी धरली. राग अजून त्याच्या जबड्यात होता.

"शिकवा," तो म्हणाला.

"आत्ता?"

"मग कवा? वेळ आली की शिकवीन म्हणाले होते ना?"

कडुबानं त्याला आधी कारखान्याच्या भिंतीशी असलेल्या निंबाकडे नेलं. "हा भरीव हाय. दोन वर्सांमागं ह्याच्या फांद्या उतरवल्या तवा मी ऐकलाय, तवा कान चांगले होते. मनगट ढिलं ठेव. मारायचं नाय, दारावर थाप मारल्यावानी ठोकायचं. कसं बोलतो ते ध्यानात ठेव. ह्याचं ऐकल्याबिगर त्याचं कळणार नाय."

अभयनं निंबाला ठोकलं. परत ठोकलं. दहा-बारा वेळा ठोकलं. मग मान हलवली आणि गुलमोहराकडे वळला.

आणि कडुबा, सवयीनं, उलटा फिरून चालायला लागला. वीस पावलं. ठोकणाऱ्याला शांतता द्यायची असते. विसाव्या पावलावर तो वळून उभा राहिला, जिथं अठरा वर्षं त्याची माणसं उभी राहत आली होती. इथून झाड किती लांब दिसतं, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

झाडापाशी गोकुळ, ते दोघे गडी आणि तनुजा, सगळे त्याच्याकडेच बघत होते. अभयचा हात हलत होता. तेव्हा त्याला समजलं, आपल्याला हाका मारताहेत. तो बावळटासारखा उभाच राहिला. शेवटी अभय स्वतः चालत आला आणि त्याच्या दंडाला धरलं.

"मागं कुणी उभं ऱ्हायचं नाय," अभय म्हणाला. "आजपासून नाय. सगळ्यांनी जवळ यायचं, सगळ्यांनी ऐकायचं. एकट्याच्या कानावर मी आता चढणार नाय, तो कुणाचा बी असू दे. माझा बी."

कडुबा दंड न सोडवता त्याच्यासोबत चालत गेला.

सगळे खोडाभोवती उभे राहिले. कुणीतरी गाडीतला रेडिओ बंद केला. अभयनं कमरेच्या उंचीवर ठोकलं. कडुबाला तोच गादीवरचा आवाज आला. छातीच्या उंचीवर ठोकलं. तोच. कुऱ्हाडीकडे बघून काही उपयोग नव्हता, म्हणून कडुबानं माणसांकडे बघायला सुरुवात केली. गोकुळ डोळे मिटून उभा होता. तनुजानं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. दोघा गड्यांची तोंडं उघडी होती. अभय एक पाऊल सरकला, भिंतीकडची बाजू संपली, रस्त्याकडची सुरू झाली. एक ठोका. दुसरा. हात वर गेला, आणखी एक.

गोकुळचे डोळे उघडले. तनुजाची मान त्या बाजूला वळली. दोघा गड्यांपैकी एकानं दुसऱ्याकडे पाहिलं, आणि अभयच्या भुवया वर गेल्या, लहानपणी चिंचेच्या झाडावरून पहिल्यांदा गाव बघितलं तेव्हा गेल्या होत्या तशा.

"तिथंच," कडुबा म्हणाला. "तिथं पोकळ हाय. आता वर एक वीत ठोक, मग खाली एक वीत. आवाज बदलला की थांब."

अभयनं त्याच्याकडे पाहिलं. मग वर ठोकलं, खाली ठोकलं, आणि दोन्ही ठिकाणी सगळ्यांचे चेहरे बदलेपर्यंत कडुबा त्यांच्याकडे बघत राहिला. त्यानं हात वर केला. अभय थांबला.

तनुजानं खिशातून खडू काढून दिला, आणि अभयनं खोडावर तिन्ही जागी फुल्या मारल्या.